नंबर एकशे चौदा

त्या दिवशी ओतूरचा बाजार होता, आणि बाजारच्या दिवशी भंवरीबाईंचा जीव माडीवर रमत नसे. गुडघे कितीही दुखत असले तरी कठडा धरून त्या एकेक पायरी उतरायच्या आणि खाली दुकानात, गादीच्या टोकाला भिंतीशी टेकून बसायच्या. कापड दाखवायचं, फाडायचं, घडी घालायची ही कामं मुलाची, अरिहंतची. नवरा पोपटलाल नुसते बसून असायचे. भंवरीबाईंचं काम बोलायचं. मढकडच्या बायका या दुकानात यायच्या त्या निम्म्या कापडासाठी आणि निम्म्या त्यांच्यासाठी.

मुलगी सिद्धी त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होती. एकेचाळीस वर्षांची, जुन्नरच्या कॉलेजात ग्रंथपाल. लग्न झालं होतं ते दोन वर्षांत मोडलं आणि ती परत आली, त्यालाही पंधरा वर्षं होऊन गेली होती. आईला ती बाई म्हणायची आणि वडिलांना बापू. मारवाडी जैन घरातली जुनी सवय, बाकी घर सगळं मराठीतच बोलायचं.

दुपारी ती चहा घेऊन खाली आली, तेव्हा बाईंच्या शेजारी मढची भागूबाई पाय पसरून बसली होती. तीस वर्षांची ओळख. लुगडं घेऊन झालं होतं, तरी उठायचं काही चिन्ह नव्हतं.

"मग? आता कितवा आला म्हणायचा?" भागूबाईनं विचारलं.

"मला काय ठावं? हिला इचार." बाईंनी सिद्धीकडं हनुवटी केली. "काय गं, पुण्याला कितव्या नंबरावर हाय माझी कादंबरी?"

सिद्धीनं कप खाली ठेवला. मागच्या खेपेला तिनं चौदा सांगितलं होतं.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ!" बाईंनी भागूबाईच्या मांडीवर थाप मारली. "म्हंजे आलंच की. डागदरकडं नऊ नंबर असला का माणूस आधीच चपला काढून बसतो."

"आमच्या डागदरकडं नवाला बी दोन तास लागत्यात," भागूबाई म्हणाली. "आन मधीच कुणी वळखीचा आला की परत बारा."

"पुण्याला तसं नसतंय. काय गं?"

"नाही, तसं नसतं," सिद्धी म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन वर गेली.

संध्याकाळी उजेड होता तोवर सगळे जेवले. बाईंनी नेहमीसारखी अर्धीच भाकरी खाल्ली, वांग्याच्या भाजीत मीठ कमी असल्याचं सुनेला न सांगता सिद्धीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून जाड पुस्तक आणू नकोस, हात भरून येतो, असं बजावलं. यापलीकडं त्या दिवशी काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिकाला, म्हणजे रोजच्या ध्यानाला, बसल्या असताना त्या भिंतीशी कलल्या. मुहपत्तीची पट्टी तोंडावरच होती. डॉक्टर जिना चढून येईपर्यंत सगळं झालं होतं.

•

खरी गोष्ट अशी होती की नंबर कुठलाच नव्हता. पुण्याच्या त्या प्रकाशन संस्थेकडं भंवरीबाईंची कादंबरी गेलीच नव्हती. ती जुन्नरच्या कॉलेजात, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, बांधणीला जायची पुस्तकं ठेवतात त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, आणि हे जगात एकट्या सिद्धीला ठाऊक होतं.

बाई मूळच्या घोडेगावच्या. दहावी झाल्या त्याच वर्षी लग्न होऊन ओतूरला आल्या, आणि येताना वाचायचं वेड घेऊन आल्या. पोपटलालांनी त्यांना कधी अडवलं नाही. "वाचू दे, तेवढा वेळ माझ्याशी भांडत न्हाई," असं ते लोकांना सांगायचे. सिद्धी ग्रंथपाल झाल्यापासून दर आठवड्याला दोन पुस्तकं घरी यायची, आणि वाचून झालेल्या पुस्तकावर बाई एका वाक्यात निकाल द्यायच्या. "ह्याला बाया ठावं न्हाईत." नाहीतर, "हा माणूस भुकेला व्हता, खरं लिहितो." मोठमोठ्या समीक्षा वाचलेल्या सिद्धीला त्या एका वाक्याचा मनातल्या मनात हेवा वाटायचा.

साठी उलटल्यावर, एका दिवाळीनंतर, त्यांनी सिद्धीपुढं सात दोनशेपानी वह्या ठेवल्या. कधी लिहिल्या कुणाला पत्ता नव्हता. पहिल्या वहीवर नाव होतं, घाटाच्या अलीकडे. एका कापड दुकानदाराची बायको आणि घाटाखालच्या वाडीतून दर साली एक लुगडं घ्यायला येणारी एक बाई, या दोघींची तीस वर्षांची गोष्ट.

"तू वाच," बाई म्हणाल्या, "पर कशी झाली ते मला सांगू नको."

"का?"

"तू लई वाचलेली हायेस, तू खरं सांगशील. मला तुझ्या तोंडून न्हाई ऐकायचं. जे छापत्यात त्यांचं काम हाय ते. त्यांना सांगू दे."

सिद्धीनं वह्या जुन्नरला स्टँडजवळ डीटीपीचं काम करणाऱ्या स्नेहलकडं दिल्या. स्नेहलला तीन महिने लागले. छापील गठ्ठा हातात देताना ती म्हणाली, "ताई, पुढं काय होतं बघायला मी दोन रविवार दुकान उघडलं." सिद्धी हसली. लग्नपत्रिका आणि सातबाराचे अर्ज टाईप करणाऱ्या पोरीला गोष्ट आवडली तर त्यात काय विशेष, असं तिला वाटलं. हे वाटणं तिला पुढं फार दिवस छळणार होतं.

तिनं जुन्नर-ओतूर एसटीत चाळीस पानं वाचली. चाळीस पानं दुकान उघडत होतं. कापडाचे तागे, काठ, पोत, कुठलं कापड कुठल्या गावाला खपतं, सगळं सांगून होत होतं आणि गोष्ट काही सुरू होत नव्हती. वाक्यं बाई बोलायच्या तशीच, एकातून दुसरं निघणारी. सिद्धीला शेजारच्या सीटवरच्या माणसानं पान पाहू नये असं वाटलं. पुण्यात कुणीतरी जाणकार हे हातात घेईल, दहाव्या पानावर बाजूला ठेवेल, आणि मग ते दोन ओळींचं पत्र येईल, की आपलं लेखन आमच्या योजनेत बसत नाही. ते पत्र चष्मा लावून वाचणाऱ्या बाई तिला समोर दिसल्या. आईला वाचवायचं म्हणून तिनं गठ्ठा पाकिटात घातला, पत्ता लिहिला आणि पाकीट कपाटात ठेवलं. जरा दुरुस्त करून पाठवू, असं स्वतःला सांगितलं.

महिन्याभरानं मावशी आली असताना, पंगतीत, बाईंनी विचारलं, "पाठवलीस का गं?"

"पाठवली," सिद्धी म्हणाली.

एवढा एकच शब्द. पुढचं सगळं त्याच्या मागून ओढत आलं.

पुस्तक छापायला काय काय लागतं ते सिद्धीला चांगलं माहीत होतं. आयुष्य त्याच्या शेवटच्या टोकाला बसून गेलं होतं. हस्तलिखित आलं की त्याची नोंद होते, त्याला क्रमांक पडतो. मग ते संस्थेचा माणूस चाळतो, मग बाहेरच्या वाचकाकडं अभिप्रायाला जातं. अभिप्राय बरा आला तर संपादक वाचतो. मग स्वीकृतीचं पत्र, करार, संपादन, दोनदा-तीनदा मुद्रितं तपासणं, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी. दोन वर्षं सहज जातात. हे सगळं तिनं बाईंना समजावून सांगितलं, आणि बाईंनी त्यातला एकच भाग पकडला.

"मग माझा कितवा नंबर पडला?"

"एकशे चौदा." तोंडात आलं ते.

पुढच्या महिन्यात बाईंनी विचारलं, "आता कितव्यावर आली?" दवाखान्यात चिठ्ठी मिळते, रेशनला रांग असते, तसाच हाही नंबर, असं त्यांनी धरलं होतं. हा नंबर सरकत नसतो, तो नोंदवहीतला असतो, हे तेव्हाच सांगता आलं असतं. पण बाईंचा चेहरा दाराकडं बघणाऱ्या माणसासारखा झाला होता. सिद्धी म्हणाली, "एकशे दोन."

तेव्हापासून दर महिन्याला नंबर खाली येत राहिला. बाजारच्या दिवशी बायकांना सांगितला जाऊ लागला. नव्वद. एक्काहत्तर. अठ्ठावन्नाला भागूबाईनं मढहून तांदळाची पिशवी आणली. सिद्धी वहीत लिहून ठेवायची, चुकून वर जाऊ नये म्हणून.

एका पावसाळ्यात बाई फार खचल्या होत्या. गुडघ्यांमुळं जिना बंद झाला होता, दुकानात बसणं तुटलं होतं. त्यांना काहीतरी बातमी हवी म्हणून सिद्धी म्हणाली, "संस्थेच्या माणसानं चाळली म्हणे. बाकी बरी आहे, शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो म्हणाला." तिनं शेवट वाचलेलाच नव्हता. कुठल्याही कादंबरीला चालेल असं वाक्य होतं ते. तिनं परीक्षणांत शेकडो वेळा वाचलेलं.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "बरोबर हाय त्याचं. पंगत उठल्यासारखा केला मी." आणि पुढचे वीस दिवस त्या उशीवर वही ठेवून लिहीत होत्या. नवं शेवटचं प्रकरण सिद्धीच्या हातात देताना म्हणाल्या, "त्याला म्हणावं, वाचणारा माणूस हायेस." सिद्धीनं ते स्नेहलकडून टाईप करून घेतलं आणि न वाचता पाकिटात, त्याच कपाटात ठेवलं.

त्या दीड वर्षात दोन संवत्सऱ्या आल्या. पर्युषणाचा शेवटचा दिवस. उपास, संध्याकाळी जैन स्थानकात प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची उजळणी, आणि मग जो समोर येईल त्याच्यापुढं हात जोडायचे. दोन्ही वेळा बाईंनी आधी हात जोडले. "खमतखामणा, सिद्धी. वर्षात कळत-नकळत काही बोलले असंन, तुझं मन दुखावलं असंन, माफ कर." दोन्ही वेळा सिद्धीनं तेच शब्द परत दिले. मनात म्हटलं, कळत-नकळतमध्ये सगळंच आलं. शेकडो वर्षं माणसं त्या शब्दांच्या आड उभी राहत आली होती, तीही राहिली.

•

बाई गेल्यावर बाराव्या दिवशी ती कॉलेजात रुजू झाली आणि कपाट उघडलं. दोन दिवस मागच्या खोलीत बसून तिनं घाटाच्या अलीकडे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

साठाव्या पानावर दुकान उघडून संपलं, आणि त्यानंतर तिला घड्याळ पाहायला सुचलं नाही. दोन बायका तीस वर्षं एकमेकींशी फक्त कापडाबद्दल बोलत होत्या, आणि त्या कापडातून सगळं कळत होतं: कुणाचा नवरा मारतो, कुणाला मूल राहिलं नाही, कुणी कुणासाठी हिरवं नको म्हणाली. जुन्या शेवटात वाडीवरची बाई मरत होती. नव्या शेवटात ती मरत नव्हती. नुसती संध्याकाळची एसटी येत नव्हती, आणि दोघी पहिल्यांदाच दुकानाबाहेर, स्टँडच्या बाकावर, मध्ये कापड नसताना बसल्या होत्या. बोलायला काही सुचत नव्हतं, आणि तरी उठवत नव्हतं.

सिद्धीनं पाकिटावरचा दीड वर्षापूर्वीचा पत्ता पुन्हा एकदा तपासला आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाकीट पुण्याला पाठवलं. लेखिका हयात नाही, एवढं सोबत लिहिलं.

मग खरं थांबणं सुरू झालं. पोच आली. दोन महिन्यांनी पत्र आलं की हस्तलिखित वाचनासाठी पाठवलं आहे. मग काहीच आलं नाही. एप्रिल गेला, मे गेला. सिद्धी रोज एसटीनं जायची, यायची, पुस्तकं द्यायची, घ्यायची. घरी आता कुणी काही विचारत नव्हतं. जे खोटं ती आईला पायरीपायरीनं सांगत आली होती, ते आता खरोखरच तसंच घडत होतं, त्याच क्रमानं, आणि ते सांगायला माणूस नव्हतं.

ऑगस्टमध्ये फोन आला. प्रतिभाताई म्हणून संस्थेच्या संपादक होत्या. आवाज थकलेला, पण सरळ.

"आम्ही ही कादंबरी घेतो आहोत. सुरुवातीची पन्नासेक पानं निम्मी करावी लागतील, त्याला तुमची परवानगी लागेल. पण शेवट! एसटी न येण्याचा शेवट. मी तीस वर्षं हे काम करते आहे. लोक शेवटी कुणाला तरी मारतात नाहीतर भेटवतात. यांना हा सुचला कसा?"

"त्यांनी तो नंतर लिहिला," सिद्धी म्हणाली. "आधी दुसरा होता."

"कुणी सुचवलं का?"

सिद्धीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून प्रतिभाताई म्हणाल्या, "असू दे, असू दे. तुम्हाला त्रास होत असेल." मग कामाचं बोलल्या. करार पाठवते. लेखिका नसल्यामुळं सगळ्या वारसांची संमती लागेल: नवरा, मुलगा, मुलगी. पंधरा सप्टेंबरच्या आत कागद पोचायला हवेत, कारण पुढच्या वर्षीची यादी तेव्हा पक्की होते. "आणि डिसेंबरात मी निवृत्त होते आहे. माझ्या जागी येणाऱ्यांची आवड काय असेल ते सांगता येत नाही. तेव्हा उशीर करू नका."

करार आला. अरिहंतनं काउंटरवरच सही केली, कापड मोजता मोजता. "पहिल्या पानावर फोटो मोठा टाकायला सांग हां बाईंचा," म्हणाला. सिद्धीनं सही केली. कागद पोपटलालांपुढं गेला.

त्यांनी तो चष्मा लावून सगळा वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"मी सही देणार न्हाई."

"बापू, अहो ती छापतायत."

"आता छापतायत. दीड वर्ष काय करत व्हते? एकशे चौदावरनं नवावर यायला दीड वर्ष. ती रोज विचारायची मला, पोस्टमन आला का, पोस्टमन आला का. शेवटच्या दिवशी नंबर नऊ व्हता तिचा. आठ माणसं. आठ माणसं पुढं व्हती तिच्या, सिद्धी. त्यांना काय बिघडलं असतं, म्हाताऱ्या माणसाला जरा आधी घेतलं असतं तर? आपण दुकानात घेतो का न्हाई म्हाताऱ्या बाईला आधी?"

"तिथं तसं..." सिद्धी थांबली.

"तसं नसतंय, माहितीये. म्हणूनच सही न्हाई. ज्यांनी तिला ताटकळत मारलं त्यांच्या दुकानाचं नाव तिच्या पुस्तकावर नको. अरिहंतला सांग, इथं आळेफाट्याला पत्रिका छापणारा हाय, त्याच्याकडनं काढू. पहिल्या पुण्यतिथीला वाटू."

आठवडा असाच गेला. अरिहंत समजावून थकला. "दीदी, बापूंची सही मला येते," असंही एकदा म्हणाला, आणि सिद्धीचा चेहरा पाहून, "मस्करी केली गं," असं म्हणत गिऱ्हाइकाकडं वळला. बाजारच्या दिवशी भागूबाई आली. पोपटलालांनी तिलाही सगळं ऐकवलं.

"आसं कसं म्हंता, शेट?" ती म्हणाली. "तिच्या नंबराचं तिनं मला दर बाजाराला सांगितलं. मला वाचाया येत न्हाई, पर नातीकडनं वाचून घीन म्हणलं व्हतं. राग धरून बसलात तर मी ऐकायचं कवा? माझं बी वय झालंया."

"राग न्हाई तर काय धरू, भागूबाई?"

"आवो, त्या पुण्याच्या मान्सांनी काय जानून केलं का? त्यांना काय ठावं, हितं कोन बसलंय वाट बघत."

पोपटलालांनी तिच्यासाठी चहा मागवला. पण संध्याकाळी त्यांनी सिद्धीला हाक मारली आणि दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलेलं पत्र तिच्या हातात दिलं. अक्षर जुन्या वळणाचं, ओळी सरळ.

'स. न. वि. वि. आमचे कुटुंब भंवरीबाई यांची कादंबरी आपणाकडे एकशे चौदा नंबरला होती. आपण एका आजारी बाईस दीड वर्ष रांगेत उभे केलेत. आता त्या नाहीत, तर आपण सही मागता. आपणास आई नव्हती काय? आपला, पोपटलाल.'

"रजिस्टर एडीनं टाक. पोच घे. त्यांना कळू दे."

सिद्धीनं पत्र पर्समध्ये घातलं. जुन्नरला पोस्ट ऑफिस कॉलेजच्या वाटेवरच होतं. त्यावरून ती सोमवारी गेली, मंगळवारी गेली, बुधवारी गेली. प्रतिभाताईंचा थकलेला आवाज आठवायचा. गुरुवारी जेवताना पोपटलालांनी विचारलं, "टाकलंस का गं ते पत्र?"

"टाकलं," सिद्धी म्हणाली.

शब्द इतक्या सहज आला, की तो येऊन गेल्यावरच तिला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचल्यावर तिनं मागच्या खोलीचं कपाट उघडलं, तेव्हा खालच्या कप्प्यात तिनं पत्र ठेवलेलंही होतं. कधी ठेवलं, तिला नीट आठवत नव्हतं. हाताला रस्ता पाठ झाला होता.

ती स्टुलावर बसून राहिली. बाहेर पोरं आयकार्ड घेऊन खोळंबली होती. खरं सांगितलं तर बापूंच्या मनात जे एक नीट उभं होतं ते पडणार होतं. गेले आठ महिने ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की लेकीनं आईसाठी काय काय केलं, पुण्याचे लोकच नालायक. सांगितलं नाही तर बाईंची कादंबरी आळेफाट्याच्या छापखान्यातून, मुंजीच्या पत्रिकांच्या मधल्या वेळात, जिलेटिनच्या कागदात गुंडाळून निघणार होती आणि ओतूरच्या शंभर घरांत टीव्हीच्या खाली ठेवली जाणार होती. भागूबाईची नात वाचेल, तेवढंच. आणि पुण्याची एक बाई, जिनं ती मान खाली घालून शेवटपर्यंत वाचली, ती कुणाच्या तरी आईला मारल्याचं पत्र घेऊन निवृत्त होणार होती.

पंधरा तारखेला सहा दिवस उरले होते. मध्ये संवत्सरी होती.

•

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पारण्याच्या वेळी, पोपटलाल दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. दुकान बंद होतं. उपासानं त्यांचा चेहरा ओढलेला होता. बाजारपेठेतली माणसं येत होती, हात जोडत होती, जात होती. खमतखामणा. खमतखामणा. समोरच्या चहावाल्या कुंडलिकनंही येऊन हात जोडले.

"शेट, आमी पन मागून घेतो माफी. मागच्या साली ऱ्हायली व्हती, ती बी यातच धरा."

"तुझी यादी मोठी हाय, कुंडलिक. तू उद्या सवडीनं ये."

"उद्या चा पाजतो, यादी निम्मी करा," म्हणत कुंडलिक गेला. पोपटलाल जरासं हसले. आठ महिन्यांत सिद्धीनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि तिला क्षणभर वाटलं, आज नको. आज ते हसलेत.

ती मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन दारात उभी होती. ओट्यावर आता दुसरं कुणी नव्हतं. अरिहंत आणि त्याची बायको स्थानकात गेले होते. ती पुढं आली, वाटी त्यांच्या बाजूच्या स्टुलावर ठेवली.

पोपटलालांनी तिच्याकडं पाहिलं आणि खुर्चीतून उठायला लागले. वडीलधाऱ्यानं आधी हात जोडायचे ही बाईंची रीत. ती रीत आता पोपटलाल पाळत होते.

"खमतखामणा, सिद्धी," ते म्हणाले. "सहीवरनं मी तुला बोललो या महिन्यात. तू तिच्यासाठी एवढं केलंस आणि मी तुझ्यावरच चिडलो. कळत-नकळत..."

"बापू, बसा. तुम्ही नका म्हणू ते."

"का? म्हणायचं असतं."

"मला म्हणायचंय. आणि मला कळत-नकळत म्हणायचं नाहीये."

ते बसले. तिनं हात जोडले नाहीत. जोडले असते तर पुढचे शब्द आपोआप तेच आले असते. ती ओट्याच्या पायरीवर, त्यांच्या पायांशी बसली. रस्त्यावरून मढची एसटी गेली, आणि मग सिद्धी म्हणाली,

"पुण्याच्या लोकांनी बाईला थांबवलं नाही, बापू. त्यांच्याकडं ती गेलीच नव्हती. तुमचं पत्रही गेलेलं नाही. बाई होती तोवर मी कादंबरी पाठवलीच नाही. नंबर मी सांगत होते, मनानं, दर महिन्याला. ती गेल्यावर पाठवली, आणि त्यांनी सहा महिन्यांत घेतली. मी चाळीस पानं वाचली होती, आणि मला तिची लाज वाटली होती."